घरचा खेळसंग्रह : वाटावा सर्वांना, किल्ली मात्र ज्याची त्याच्याकडे

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी मोबाईल आला तो मुख्यतः बोलण्यासाठी. थोड्याच वर्षांत तो शेतीच्या अवजारांइतका आवश्यक होऊन बसला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि कापूस, सोयाबीन, तूर यांची नोंद खातेदार स्वतः बांधावर उभा राहून मोबाईलवरून करू लागला. किसान सन्मान निधीचा हप्ता जमा झाल्याचा संदेश याच मोबाईलवर येतो, सातबाऱ्याचा उतारा याच्यावरून काढता येतो आणि बँकेचा व्यवहारही याच्यावरूनच होतो. दिवेलागणीनंतर मात्र हाच मोबाईल घरातील मुलांच्या हाती जातो. सकाळी ज्या यंत्रावर पिकाची नोंद झाली, त्याच यंत्रावर रात्री शर्यतीच्या मोटारी धावू लागतात.

यात वावगे काही नाही. खेळ ही मुलांची गरज आहे आणि व्हिडिओ गेम हा आता एक मान्य उद्योगही झाला आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ २०२० मध्ये जगभर विक्रीस गेला. ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमिंग या क्षेत्रांसाठी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र धोरणास मंजुरी दिली. तेव्हा प्रश्न खेळाचा नसून व्यवस्थेचा आहे. एकाने पैसे देऊन घेतलेला खेळ घरातील इतरांनी कसा वापरावा, आणि तो वापरताना बँकेची, टपालाची व ओळखीची गुपिते एकमेकांच्या हाती कशी जाऊ देऊ नयेत, हे अनेक सुशिक्षित घरांतही नीट माहीत नसते. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊही तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्याकडे गावकरी अशा बाबतीत सल्ल्यासाठी येतात. त्यांच्या उपयोगासाठी या विषयाची मांडणी येथे केली आहे.

वस्तू नव्हे, परवाना

पूर्वी व्हिडिओ गेम विकत घेणे म्हणजे एक वस्तू घरी आणणे होते. दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या यंत्रात कॅसेट बसवावी आणि खेळावे, अशी रीत होती. पुढे कॅसेटची जागा तबकडीने घेतली. ती शेजारच्या मुलाला चार दिवस देता येई, विकता येई, हरवली तर तेवढेच नुकसान होई.

आज बहुतेक खेळ वस्तूच्या रूपात घरी येतच नाहीत. संगणकासाठी व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेले स्टीम, मोबाईलसाठी गुगल प्ले आणि ॲपलचे दुकान, खेळयंत्रांसाठी सोनी व निन्टेन्डो यांची दुकाने, अशी ही बाजारपेठ आहे. किंमत भरली की खेळाची नोंद खरेदीदाराच्या खात्यावर होते. अशा सर्व नोंदी मिळून त्याचा संग्रह बनतो. खरेदीदार कोणत्याही यंत्रावर आपल्या नावाने प्रवेश करून त्यातील खेळ उतरवून घेऊ शकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. खरेदीदाराला मिळतो तो खेळ वापरण्याचा परवाना. खेळाची मालकी त्याच्याकडे येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने, विक्रीच्या वेळीच हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले. कायद्याची गरज का भासली हे एका उदाहरणावरून कळेल. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा २०१४ मध्ये आलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी आपली सेवा बंद करताच थांबला. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, त्यांनाही तो खेळता येईनासा झाला.

ग्रामीण वाचकाला हा भेद सातबाऱ्याच्या आधारे चटकन समजेल. शेतजमिनीला सहहिस्सेदार असतात. खातेदार निवर्तला तर वारसांची नावे फेरफाराने लागतात. कोणाचा इतर अधिकार असेल तर त्यासाठीही उताऱ्यावर रकाना असतो. खेळांच्या खात्याला असा रकाना नाही. ते एका व्यक्तीचे असते. स्टीमच्या करारानुसार ते दुसऱ्याला विकता येत नाही की हस्तांतरित करता येत नाही. म्हणून ‘घरात घेतले म्हणजे घरातील सर्वांचे झाले’ हा आपला नेहमीचा हिशेब येथे आपोआप लागू होत नाही. तो लागू व्हावा यासाठी कंपन्यांनी ठरवून दिलेली वाट आहे, आणि त्याच वाटेने गेले पाहिजे.

पासवर्ड सांगून टाकण्याची चूक

बहुतेक घरांत सोपा मार्ग स्वीकारला जातो. थोरल्या भावाने खेळ घेतलेला असतो. धाकट्याला तो हवा असतो. थोरला आपला पासवर्ड सांगतो आणि विषय संपतो. धाकटा तो वर्गमित्राला सांगतो, वर्गमित्र आपल्या चुलतभावाला. महिन्याभरात त्या खात्याची किल्ली किती जणांकडे आहे, हे मूळ मालकाला सांगता येत नाही.

यातून होणारे नुकसान खेळापुरते मर्यादित राहात नाही. एकच पासवर्ड टपालखात्याला, खेळाला व इतर चार ठिकाणी वापरण्याची सवय सर्वत्र आढळते. ज्याला खेळाचा पासवर्ड कळला त्याला ईमेलचाही कळला, असे मग घडते. ईमेल हाती आले की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेण्याचे संदेश त्याच ईमेलवर मागवता येतात. शिवाय खेळाच्या खात्याला बँकेचे कार्ड किंवा यूपीआय जोडलेले असेल, तर त्या दाराने पैशांपर्यंतही पोहोचता येते.

अशा वेळी कायद्याचे संरक्षण कितपत मिळते, हेही पाहावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-क अन्वये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु गुपित आपणच वाटले असेल तर बँकेकडे दाद मागताना बाजू लंगडी पडते. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याविषयीचे तत्त्व स्पष्ट केले : ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याने सोसावयाचे, कळविल्यानंतरचे बँकेने. कापसाच्या विक्रीचे पैसे ज्या खात्यात आहेत, त्या खात्याच्या बाबतीत ही जोखीम कोणत्याही घराने पत्करू नये.

ग्रंथालयाचा दाखला

मग खेळ वाटून घ्यावयाचा तरी कसा? याचे उत्तर गावाच्या ग्रंथालयात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे गावोगावी शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली. त्यांतील व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे असते. वाचक आपल्या नावावर पुस्तक नेतो. पुस्तकाची एकच प्रत असेल तर ती एका वेळी एकालाच मिळते. दोघांना एकदम हवी असेल तर दुसरी प्रत आणावी लागते. कोणी किती वाचले, कोठे खूण ठेवली, हे ज्याचे त्याच्याजवळ.

खेळांचा कौटुंबिक संग्रह याच नियमांवर चालतो. स्टीमचेच उदाहरण घेऊ. त्या कंपनीने २०१३ मध्ये प्रथम ही सोय दिली तेव्हा तिच्यात दोन मोठे दोष होते. समोरच्याच्या संगणकास मान्यता देण्यासाठी मालकाला तेथे आपल्या नावाने प्रवेश करावा लागे, म्हणजे किल्ली घेऊन दुसऱ्याच्या घरी जावे लागे. दुसरे असे की, एक जण संग्रहातील एखादा खेळ खेळत असला की सगळा संग्रह दुसऱ्यासाठी बंद होई. एकाने कादंबरी नेली म्हणून ग्रंथालयालाच कुलूप लावण्यासारखा हा प्रकार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या नव्या व्यवस्थेत हे दोष दूर करण्यात आले. तिची मुख्य कलमे अशी :

१. एका कुटुंबगटात जास्तीत जास्त सहा सदस्य असतात. प्रत्येकाचे खाते व पासवर्ड स्वतंत्र असतो.

२. ज्या खेळांना वाटपाची परवानगी आहे, ते सर्व सदस्यांना आपापल्या खात्यातून दिसतात. काही खेळांना निर्मात्यांनी अशी परवानगी दिलेली नसते; ते मालकापुरतेच राहतात.

३. एकाच वेळी दोन सदस्य संग्रहातील दोन वेगळे खेळ खेळू शकतात. तोच खेळ दोघांना एकदम खेळावयाचा असेल तर दोन प्रती घ्याव्या लागतात.

४. प्रत्येकाची प्रगती त्याच्या स्वतःच्या खात्यात राहते. बहिणीने दहा टप्पे पार केले म्हणून भावाचा खेळ अकराव्यापासून सुरू होत नाही.

५. सदस्य ‘प्रौढ’ किंवा ‘मूल’ म्हणून नोंदविले जातात. मुलाने कोणता खेळ खेळावा, दिवसातून किती वेळ खेळावे हे प्रौढ ठरवू शकतात. मुलाला खेळ विकत हवा असेल तर तो विनंती पाठवितो. पैसे प्रौढ भरतो.

गुगल प्लेवरही कुटुंबगटाचा प्रमुख अधिकाधिक पाच जणांना सोबत घेऊ शकतो. प्रमुखाचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. पैसे देऊन घेतलेले पात्र खेळ सर्वांना वापरता येतात. मात्र खेळाच्या आत खरेदी केलेल्या वस्तू वाटता येत नाहीत. ॲपलच्या व्यवस्थेतही प्रमुख धरून सहा जणांची मर्यादा आहे आणि मुलाच्या खरेदीला आधी मोठ्यांची संमती घेण्याची सोय आहे. तपशील निराळे असले तरी तत्त्व एकच आहे : खेळ वाटला जातो, किल्ली वाटली जात नाही.

कुटुंब कोणाला म्हणावे?

आपल्याकडे चुलतभाऊ हा भाऊच असतो आणि मावशीचे घर हे दुसरे माहेर असते. शिक्षणासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेला पुतण्या घरातीलच मानला जातो. कंपन्यांची व्याख्या मात्र शिधापत्रिकेशी जुळणारी आहे. एका घरात राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब. स्टीमची व्यवस्था एकाच घरातील व्यक्तींसाठी असल्याचे तिच्या नियमांत म्हटले आहे. गुगलच्या गटातील सर्व सदस्य एकाच देशातील असावे लागतात आणि एका वेळी एकाच गटात राहता येते.

या नियमांची जाणीव नसल्याने पुढे अडचणी येतात. स्टीमच्या गटातून प्रौढ सदस्य केव्हाही बाहेर पडू शकतो. पण आधीच्या गटात सामील झाल्यापासून एक वर्ष होईपर्यंत त्याला दुसऱ्या गटात जाता येत नाही वा नवा गट काढता येत नाही. त्याने सोडलेली जागाही वर्षभर नव्या माणसाला देता येत नाही. कोणी बाहेर पडला की त्याचे खेळ त्याच्याबरोबर जातात आणि इतरांचे खेळ त्याला बंद होतात. म्हणून मित्रमंडळींना भरती करून सहा जागा भरण्याची घाई करू नये. शिधापत्रिकेत नाव चढविताना जेवढा विचार होतो, तेवढा येथेही व्हावा.

जामीनदाराची जबाबदारी

वाटपाबरोबर जबाबदारी येते, हे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. खेळांच्या जगात त्याचा प्रत्यय पुढीलप्रमाणे येतो. अनेक जणांनी मिळून खेळावयाच्या खेळात काही मुले लबाडीच्या युक्त्या किंवा चोरवाटेची साधने वापरतात. ती उघडकीस आली की त्या खेळातून बंदी होते. स्टीमच्या नियमानुसार, सदस्याने दुसऱ्याच्या मालकीच्या प्रतीवर खेळताना लबाडी केली तर बंदी लबाडी करणाऱ्यावर येते आणि मालकावरही येते. धाकट्याच्या एका रात्रीच्या उचापतीने थोरल्याचा खेळ कायमचा जाऊ शकतो.

यास्तव गट करण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून हे बोलून घ्यावे. असे दहा मिनिटांचे बोलणे पुढचे बरेच भांडण टाळते.

एकच मोबाईल असलेल्या घरात

आतापर्यंतचे विवेचन प्रत्येकाकडे वेगळे यंत्र असल्याचे गृहीत धरून झाले. ग्रामीण घरांतील स्थिती अनेकदा निराळी असते. मोबाईल एक आणि हात पाच. तेथे संग्रह वाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. यंत्रच वाटले जाते, आणि यंत्रासोबत बँकही. धोका येथे सर्वांत जास्त आहे, म्हणून काळजीही अधिक घ्यावी. सुदैवाने त्यासाठी खर्च लागत नाही.

पहिली गोष्ट यूपीआयच्या पिनची. तो मुलाला सांगू नये, त्याच्यासमोर मोठ्याने उच्चारू नये आणि मोबाईलच्या मागे चिठ्ठी चिकटवून तर मुळीच ठेवू नये. मोबाईल उघडण्याचा क्रमांक आणि यूपीआयचा क्रमांक एकच असू नये. कारण खेळण्यासाठी पहिला क्रमांक मुलाला माहीत असतोच.

दुसरी गोष्ट दुकानाच्या कुलपाची. गुगल प्लेमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी ओळख पटविण्याची अट घालता येते. ती घातलेली आहे की नाही, हे एकदा पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट, अनेक मोबाईलमध्ये एकच कार्यक्रम पडद्यावर खिळवून ठेवण्याची सोय असते. मुलाला खेळ लावून देताना ती वापरली तर क्रमांक दिल्याशिवाय खेळाबाहेर जाता येत नाही. संदेश, छायाचित्रे आणि बँक खेळाच्या मागे सुरक्षित राहतात. काही मोबाईलमध्ये दुसऱ्या वापरकर्त्यासाठी वेगळी जागाही उघडता येते.

चौथी गोष्ट बाहेरून आलेल्या फाइलची. ‘हा पैशाचा खेळ फुकट मिळतो, एवढी फाइल उघडा’ असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो. अधिकृत दुकानाबाहेरून आलेल्या अशा फाइलमध्ये खेळाच्या आड दुसरेच काही दडलेले असू शकते. एकदा परवानगी दिली की ते मोबाईलवर येणारे संदेश वाचू लागते, आणि बँकेचा ओटीपी हा त्या संदेशांपैकीच एक असतो. शंभर-दोनशे रुपयांचा खेळ फुकट मिळविण्याच्या मोहापायी हंगामाची कमाई पणाला लावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

फुकटचा खेळ आणि पैशाचा खेळ

गावातील मुले खेळतात त्यांतील बरेच खेळ मुळात विनामूल्य असतात. त्यांची कमाई खेळाच्या आतील विक्रीतून होते. नवा पोशाख, नवे शस्त्र, चकाकणारे हिरे असे काहीबाही थोड्या थोड्या पैशांत विकले जाते. रक्कम लहान असल्याने ती लक्षात येत नाही. महिन्याची बेरीज केली म्हणजे ती डोळ्यांत भरते. वर सांगितल्याप्रमाणे या वस्तू कुटुंबात वाटताही येत नाहीत. एकाच घरातील दोन मुलांनी तेच हिरे दोनदा विकत घेतलेले असू शकतात. तेव्हा ‘फुकट’ खेळावरच घरच्यांची नजर अधिक असावी.

ज्या खेळांत पैसे लावून पैसे जिंकण्याचे आमिष असते, त्यांचा प्रकार अगदी वेगळा आहे. यासंबंधीच्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व विनियमन अधिनियमास संसदेच्या मान्यतेनंतर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या अधिनियमाने ई-क्रीडा व करमणुकीचे खेळ यांना उत्तेजन दिले आणि पैशाच्या खेळांवर मात्र बंदी घातली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. करमणुकीचा खेळ कुटुंबात वाटून घेण्याशी या प्रकाराचा काहीही संबंध नाही, हे पालकांना समजावून सांगणे आवश्यक आहे. अन्यथा एकाच्या भीतीने दुसऱ्यालाही बंदी होते आणि मूल लपून खेळू लागते.

मुलांचे वय आणि कायदा

खाते उघडताना ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवले की करार होतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी प्रकरणात सांगितले. म्हणून मुलाच्या खात्यामागे पालकाचे खाते उभे असणे हे सोयीचे आहे, तसेच रीतीचेही आहे.

मुलाने खोटे वय घालून प्रौढाचे खाते उघडणे हा सर्रास आढळणारा प्रकार आहे. त्यामुळे त्याचे स्वतःचेच नुकसान होते. वयानुसार मिळणारे संरक्षण त्याला मिळत नाही, अनोळखी माणसांशी संभाषणाची दारे उघडी राहतात आणि जाहिरातीही मोठ्यांच्या दिसतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घेणे, त्याच्या हालचालींचा माग न काढणे आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती न दाखविणे, अशी बंधने या अधिनियमात आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. या संरक्षणाचा लाभ खरे वय नोंदविणाऱ्या मुलालाच मिळणार, हे उघड आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

या कामी शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांना मोठा वाव आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालक येतात. तेथे अर्धा तास या विषयाला द्यावा. एखाद्या शिक्षकाने स्वतःचा मोबाईल हाती घेऊन खरेदीचे कुलूप कोठे असते, पडदा कसा खिळवितात, हे प्रत्यक्ष दाखविले तर दहा भाषणांचे काम होईल. संगणक असलेल्या शाळांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा पासवर्ड ठरविण्याची व तो गुप्त राखण्याची सवय लावता येईल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. निरनिराळ्या अर्जांसाठी ईमेल लागते म्हणून गावात अनेकांची ईमेल खाती दुसऱ्या कोणीतरी उघडून दिलेली असतात. पासवर्ड ठेवणारा तो, आणि खातेदाराला त्याची आठवणही नाही. पुढे मोबाईल त्याच ईमेलवर चालतो, खेळाचे दुकानही त्याच्यावरच उघडते. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी किल्ली त्याच्याकडे राहू नये. खाते उघडून घेतल्यावर खातेदाराने तेथेच बसून पासवर्ड बदलावा, आणि सेवा देणाऱ्यानेही तसा आग्रह धरावा. शक्य तेथे पासवर्डच्या जोडीला दुसरा पडताळा सुरू करावा, म्हणजे पासवर्ड फुटला तरी दार उघडत नाही.

इतके करूनही फसगत झाली तर वेळ दवडू नये. आपल्या बँकेला तत्काळ कळवावे, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते अडविण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. चूक मुलाच्या हातून झाली असेल तर त्याला आधी जवळ घ्यावे, हिशेब नंतर विचारावा. माराच्या धास्तीने मूल दोन दिवस गप्प राहिले, तर पैसे परत मिळण्याची आशा त्या दोन दिवसांतच मावळते.

समारोप

वाटून घेणे ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. थोरल्याची पाठ्यपुस्तके धाकट्याला, सायकल आळीपाळीने, आणि गावच्या ग्रंथालयातून आणलेली एक कादंबरी घरातील चौघांनी वाचलेली. खेळांचा संग्रह ही त्याच रीतीची नवी पायरी होय. एकाने मोजलेल्या किमतीत घरातील सहा जणांची करमणूक व्हावी यात काटकसर आहे आणि आपलेपणाही आहे.

परंतु त्याच घरात तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी याचाही नियम असे, आणि त्या नियमाला कोणी अविश्वास म्हणत नसे. पासवर्डाच्या बाबतीत तोच विवेक ठेवावयाचा आहे. मुलाला ‘पासवर्ड सांगणार नाही’ म्हणताना ‘तुझा तू वेगळा ठेव, आणि मलाही सांगू नकोस, काही बिघडले तर मात्र सर्वांत आधी मला सांग’ असे जो पालक म्हणेल, त्याच्या घरी खेळही सुखाने चालेल आणि बांधावरून केलेली पिकाची नोंदही सुरक्षित राहील.